दुखरी पाठ आणि पोहणे

पाठ धरली आहे असे चारचौघांत म्हणावे, की ‘पोहायला जात जा’ असे सांगणारा कोणीतरी हमखास भेटतो. मलाही भेटला. लहानपणी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला मी. मला वाटले, यात नव्याने शिकण्यासारखे काय असणार? तलावावर गेलो, मान पाण्याबाहेर काढून बेडकासारखे हातपाय मारीत चार खेपा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चपलेचा पट्टा लावण्यापुरतेही वाकता येईना. सल्ला खोटा नव्हता; तो अर्धाच होता.

पाणी आपला भार उचलते, हा त्यातला खरा भाग. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, की पायांवर शरीराचा सुमारे निम्माच भार येतो. छातीइतक्या पाण्यात तो एक तृतीयांशाच्या आसपास राहतो आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दशांश. आडवे तरंगताना तर कमरेच्या पाच मणक्यांना आणि त्यांच्यामधल्या चकत्यांना वरच्या धडाचे ओझे वाहावेच लागत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पाण्याचा हा आधार साधा नव्हे.

परंतु पाणी भार घेते, बाक घेत नाही. हवेने भरलेल्या फुप्फुसांमुळे छाती तरंगते आणि पाय बुडू पाहतात. अशा स्थितीत डोके वर उचलले, की तराजूच्या दांडीप्रमाणे कंबर व पाय खाली जातात आणि त्यांना वर ठेवण्यासाठी कमरेचा बाक वाढतो. बेडूकपद्धतीत हे प्रत्येक श्वासाला घडते. बटरफ्लायमध्ये त्याहून जोराने. माझी चूक हीच होती. नवशिक्याच्या हाती फळी देऊन ‘पाय मारा’ म्हणतात, तेव्हाही मान ताठ वर राहिली तर तोच प्रकार होतो.

म्हणून सर्वसाधारणपणे उताणे पोहणे बरे. त्यात श्वासासाठी मान वळवावी लागत नाही. मात्र खुर्चीत बसल्यासारखी कंबर खाली सोडू नये. नजर आकाशाकडे, पोट पाण्याच्या पृष्ठभागालगत. पालथे पोहायचे तर तोंड पाण्यात, नजर तळाकडे, आणि श्वास घेताना नुसती मान न मुरडता खांद्यांपासून कमरेपर्यंत सारे धड एकसंध कुशीवर वळवावे. हे साधत नसेल तर श्वासनळी लावावी. त्यात कमीपणा कसला?

कोणाची पाठ मागे वाकल्याने दुखते, कोणाची पुढे वाकल्याने. उतारवयात मणक्यांमधील मज्जारज्जूची वाट अरुंद झालेल्यांना बहुधा मागचा बाक सोसत नाही. तेव्हा आपली पाठ कोणत्या जातीची, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. पायांत एकाएकी दुबळेपणा, जांघेत बधिरता किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काही दिसले, तर पोहण्याचा विचार सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आरंभी पोहूच नये, असेही मी म्हणेन. छातीइतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटे नुसते चालावे. दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते ते पाहून मग एखादी खेप वाढवावी. सूर आणि मुटके पोरांसाठी राखून ठेवावेत. आणखी एक: पाणी भार काढून घेते म्हणूनच हाडांना बळकटी देण्यात ते तोकडे पडते, हाडे ठिसूळ झालेल्यांनी जमिनीवरचे चालणे सोडू नये.

बाहेर येतानाची एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. हलके झालेले शरीर क्षणात पुन्हा जड होते, आणि तळहातांवर जोर देऊन कठड्यावर उडी घेताना नेमकी कंबर लचकते. शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी चढत यावे, आणि टॉवेल वाकून उचलावा लागणार नाही अशा उंचीवर आधीच टांगून ठेवावा.