वारसा आणि कमावलेले शरीर

वाचेचे केंद्र मेंदूच्या कोणत्या भागात असते हे दाखवून देणारा पॉल ब्रोका हा फ्रेंच शल्यवैद्य वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. याच ब्रोकाने १८६६ साली गाठींच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात एका कुटुंबाची हकीकत नमूद करून ठेविली. त्या कुटुंबातील चार पिढ्यांत एकामागून एक अनेक स्त्रिया स्तनांच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. ते कुटुंब त्याच्या पत्नीच्या माहेरचे होते. हा रोग वारशाने येत असावा, अशी शंका त्याने मांडली. परंतु तिचे प्रमाण मिळावयास जवळजवळ सव्वाशे वर्षे जावी लागली.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषींनी अशा अनेक कुटुंबांची छाननी करून या दोषाचे स्थान सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्याला बीआरसीए-१ असे नाव आहे. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ हे दुसरे जनुक सापडले. ही जनुके म्हणजे रोगाची बीजे, असा समज पुष्कळदा दिसून येतो. तो चुकीचा आहे. ती स्त्री-पुरुष सर्वांच्याच शरीरात असतात आणि त्यांचे काम रक्षकाचे आहे. पेशीतील डीएनएचा दुहेरी धागा तुटला असता तो बिनचूक सांधण्याच्या कामी ती उपयोगी पडतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व दुसरी वडिलांकडून. त्यांपैकी एक जन्मतःच सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. मात्र एखाद्या पेशीत ही दुसरी प्रतही निकामी झाली, की तेथील दुरुस्ती खुंटते, चुका साचू लागतात आणि रोगाला वाट मिळते.

वडिलांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. आपल्याकडे स्त्रियांच्या रोगाची चौकशी आई, मावशी आणि आजोळ येथवरच थांबते. आत्या आणि वडिलांची आई यांच्याबद्दल कोणी विचारीत नाही. सदोष प्रत पित्याकडूनही तितक्याच संभवाने, म्हणजे प्रत्येक अपत्याला निम्म्या शक्यतेने, मिळते. स्वतः पिता बहुधा ठणठणीत असतो, एवढेच.

धोका लहान नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७२ स्त्रियांना व बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्यांपैकी शेकडा ६९ स्त्रियांना ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याचा संभव असतो. पाश्चात्य देशांतील सर्वसाधारण स्त्रीच्या बाबतीत हेच प्रमाण शेकडा १२ च्या आसपास आहे. असा आकडा ज्या स्त्रीच्या हाती पडतो, तिच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की यात आपल्या हाती काही आहे किंवा नाही? मराठीत शरीर नुसते लाभत नाही, ते ‘कमवावे’ही लागते. वारशाने आलेल्या या संकटापुढे कमावलेल्या शरीराची काही मातब्बरी चालते काय?

या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००३ साली न्यूयॉर्कमधील अभ्यासातून दिले. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात या जनुकांचे तीन विशिष्ट दोष इतरांपेक्षा अधिक आढळतात. त्या समाजातील स्तनांचा कर्करोग झालेल्या १,००८ स्त्रिया त्यांनी तपासल्या. १०४ जणींमध्ये दोष सापडला आणि मग त्यांच्या आया, बहिणी, आत्या, मावश्या यांची माहिती जमविण्यात आली. तीत असे दिसले, की दोष असलेल्या ज्या स्त्रिया १९४० पूर्वी जन्मल्या, त्यांपैकी शेकडा २४ जणींना पन्नाशीच्या आत रोग झाला होता. १९४० नंतर जन्मलेल्यांत मात्र हे प्रमाण शेकडा ६७ होते. जनुक तेच, कुटुंबेही तीच, आणि आजी व नात यांच्या नशिबात एवढी तफावत! दोन पिढ्यांत जनुक बदलत नाही. बदलले होते ते राहणीमान. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नजरेस आली. ज्या स्त्रियांनी किशोरवयात भरपूर व्यायाम केला होता आणि ज्या त्या वयात स्थूल नव्हत्या, त्यांना रोग पुष्कळ उशिरा झाला होता.

या तफावतीचे सारे श्रेय व्यायामाला देणे मात्र उतावळेपणाचे होईल. उत्तरकालीन स्त्रियांची तपासणी लवकर होऊ लागली होती. मासिक पाळी सुरू होण्याचे वय, मुले होण्याचे वय आणि मुलांची संख्या यांतही पालट झाला होता. शिवाय पन्नाशीतील स्त्रीला ‘तू पंधराव्या वर्षी किती धावत होतीस’ असे विचारले, तर तिच्या स्मरणावर कितीसा भरवसा ठेवावा? जर्मनीत म्युनिक, कोलोन व कील येथील रुग्णालयांनी असा दोष असलेल्या ६८ स्त्रियांची पाहणी केली. निरोगी राहिलेल्या स्त्रिया किशोरवयात अधिक हालचाल करणाऱ्या होत्या, असे तिचे २०१७ चे निष्कर्ष सांगतात. पण हा आक्षेप तेथेही लागू पडतो. म्हणूनच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे मोल अधिक आहे. त्यात कुटुंबात रोगाचा इतिहास असलेल्या १५,५५० स्त्रियांच्या नोंदी होत्या व त्यांपैकी अनेकींवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. सर्वांत अधिक व्यायाम करणाऱ्या गटात रोगाचा धोका सर्वांत कमी व्यायाम करणाऱ्या गटाच्या मानाने सुमारे शेकडा २० ने कमी आढळला, आणि जनुकात दोष असलेल्या स्त्रिया या नियमाला अपवाद आहेत, असे दिसून आले नाही.

हे घडते कसे? स्तनातील पेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या संप्रेरकांत इस्ट्रोजेन प्रमुख आहे. पेशी जितक्या वेळा विभागतात, तितक्या वेळा चूक होण्याला संधी मिळते. आणि जिच्याकडे चूक दुरुस्त करणारा कारागीरच अपुरा आहे, तिच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे अधिक धोका असलेल्या १३९ तरुण स्त्रियांवर एक प्रयोग झाला; त्या सर्वच जनुकदोष असलेल्या होत्या असे नव्हे. काहींना आठवड्याला १५० मिनिटे, काहींना ३०० मिनिटे घरच्या घरी ट्रेडमिलवर चालावयास सांगितले व काहींना नेहमीच्याच क्रमाने राहू दिले. पाच ऋतुचक्रांनंतर पाहता, ज्या प्रमाणात व्यायाम अधिक, त्या प्रमाणात लघवीतील इस्ट्रोजेन कमी, असा सरळ हिशोब मिळाला. व्यायामाने इन्सुलिन व चरबी यांचेही प्रमाण ताब्यात राहते, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा मोठा भाग चरबीतूनच तयार होत असल्यामुळे ही गोष्टही क्षुल्लक नव्हे.

एक पंचमांश भाग व्यायामाचा आणि उरलेला दैवाचा, असे कोणी उपहासाने म्हणेल. शेकडा ७० चा धोका पाचव्या हिश्शाने घटला तरी तो ५६ राहतो, हे खरेच आहे. कमावलेले शरीर हे कवच नव्हे. दोष ठाऊक झालेल्या स्त्रीने साधारणतः पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय व तिशीपासून मॅमोग्राफी करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. धावण्याने तो रद्द होत नाही. उलटपक्षी, नित्य व्यायाम करणाऱ्या एखाद्या स्त्रीला रोग झाला म्हणजे ‘हिचे कोठे तरी चुकले असले पाहिजे’ अशी कुजबूज सुरू होते. तिला आधार नाही. पुष्कळ व्यायाम करूनही रोग होतो आणि अजिबात न करताही टळतो.

व्यायामाचे खरे मोल कित्येकदा वेगळ्याच ठिकाणी उतरते. बीआरसीए-१ च्या दोषामुळे अंडाशयाच्या कर्करोगाचाही मोठा धोका असतो, आणि त्याची वेळेवर चाहूल देणारी तपासणी आजही उपलब्ध नाही. म्हणून अपत्ये झाल्यावर, ३५ ते ४० या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए-२ च्या बाबतीत तो काही वर्षे लांबणीवर टाकता येतो. त्या शस्त्रक्रियेने जीव वाचतो. पण ज्या रजोनिवृत्तीला शरीर एरवी सावकाश, वर्षांच्या हिशोबाने सामोरे जाते, ती एका दिवसात येऊन उभी राहते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा संभव वाढतो, झोप उडते. पस्तिशीच्या स्त्रीला साठीची हाडे घेऊन पुढची चाळीस वर्षे काढावयाची असतात! येथे भरभर चालणे, जिने चढणे, वजने उचलणे यांचा उपयोग प्रत्यक्ष दिसतो. स्नायूंची ओढ बसली म्हणजे हाड आपला कस टिकवून धरते. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आखडणारा खांदा मोकळा करण्यासही व्यायामच लागतो. आणि दुर्दैवाने रोग झालाच, तर त्यावरील काही प्रभावी औषधे हृदयावर ताण आणणारी असतात. तेव्हा आधीपासून दमदार असलेले हृदय उपयोगी पडते.

आपल्या घरांतून एक आक्षेप हमखास ऐकू येतो: घरकामात बाईच्या पायाला दिवसभर भिंगरी असते, तिला निराळा व्यायाम कशाला? कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. ओट्याशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात; छातीचे ठोके वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, परंतु गाता येणार नाही, इतपत. मंगळागौरीच्या रात्री फुगडी आणि झिम्मा रंगात आला, की जी धाप लागते, ती या मापाच्या पुढेच जाते. पण ती रात्र रोज येत नाही.

किशोरवयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलीला पाळी आली, की तिचे मैदान हळूहळू सुटते, आणि वरील अभ्यासांनी बोट ठेविले आहे ते नेमके त्याच वयावर. जनुकाची चाचणी सामान्यतः १८ वर्षांपूर्वी करीत नाहीत, कारण तो निर्णय तिचा तिने घ्यावयाचा असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन मिळू शकते, आणि तेथे प्रथम जावे लागते ते कुटुंबातील रोग झालेल्या व्यक्तीला. मुलींची पाळी त्यानंतर येते. तोवर बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या आत्याला काय झाले होते हे सांगावे किंवा न सांगावे, ते ज्याचे त्याने ठरवावे. खो-खोच्या संघात तिचे नाव घालण्यासाठी मात्र तिला यातले काहीही सांगण्याची गरज नसते.