चष्म्याच्या दुकानातील हिशेब

ज्या वस्तूची पारख करण्यासाठी ती वस्तूच आधी डोळ्यांवर असावी लागते, अशी चष्म्यावेगळी दुसरी चीज बाजारात क्वचितच आढळेल. नवी फ्रेम चढवून पाहायची तर जुना चष्मा उतरवावा लागतो. तो उतरवताच आरशातील स्वतःचा चेहरा धूसर होतो, काडीला अडकवलेल्या इवल्या चिठ्ठीवरचा आकडा वाचता येत नाही, आणि अशा परस्वाधीन अवस्थेत, काउंटरपलीकडच्या इसमाच्या शब्दावर विसंबून, हजारो रुपयांचा निर्णय पाचदहा मिनिटांत करावा लागतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो की तालुक्याच्या गावचा एस. टी. स्टँडसमोरचा गाळा, तिथल्या जाबसालाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. "काच साधी टाकू की थिन?" "कॉम्प्युटरवर काम असतं ना? मग ब्लू कट घ्या, डोळ्यांना आराम पडेल." "रात्री गाडी चालवता? मग अँटिग्लेअर हवंच." प्रत्येक होकारासरशी पावतीत एकेक रक्कम वाढत जाते, आणि यांपैकी गरज कोणती व भर कोणती, हे निवडून काढण्याइतके ज्ञान ग्राहकाजवळ नसते.

माझ्या मते या दुखण्याचे मूळ एकच आहे. नंबर हा वैद्यकाचा विषय आहे आणि काच हा व्यापाराचा. परंतु आपल्याकडे ही दोन्ही कामे एकाच काउंटरवर, पुष्कळदा एकाच माणसाकडून होतात, आणि त्यामुळे विक्रेत्याच्या शिफारशीला वैद्याच्या सल्ल्याची प्रतिष्ठा विनासायास लाभते. 'येथे कॉम्प्युटरवर डोळे मोफत तपासून मिळतील' ही पाटी वाचून आत गेलेल्या माणसाने हे ध्यानात घ्यावे की, तपासणीची फी ज्याने घेतली नाही त्याने ती कुठूनतरी वसूल करायचीच असते. शिवाय त्या यंत्राने छापून दिलेला आकडा हा अंतिम नंबर नव्हे, तो केवळ आरंभबिंदू होय, त्यानंतर चाचणीच्या चौकटीत एकेक काच घालून, "आता स्पष्ट दिसतं की मघाशी?" असे सावकाश विचारत नंबर निश्चित करावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यावाचून केलेल्या यंत्रतपासणीत उणे नंबर वास्तवाहून अधिक निघण्याचा संभव असतो. आणि डोळ्याचा दाब, पडद्याची अवस्था, मधुमेहाने तिथे केलेली हानी, यांचा तर या मोफत तपासणीत मागमूसही नसतो. काचबिंदूने दृष्टीची कड हळूहळू कुरतडत आणली असताही समोरचे अक्षर स्वच्छ दिसत असल्याने ज्याला "नंबर बदललेला नाही" एवढेच सांगून परत पाठवले जाते, त्याचे झालेले नुकसान कोणत्याही पावतीवर उमटत नाही. नेत्रतज्ज्ञाची फी वाचवू नये, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

अमेरिकेत १९७८ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की, डोळे तपासणाऱ्याने नंबराचा कागद रुग्णाला, त्याने मागितला नसला तरी, जादा आकार न घेता दिलाच पाहिजे, म्हणजे चष्मा कुठून घ्यायचा याची मुभा रुग्णाला राहते. एवढ्या साध्या वाटणाऱ्या तजविजीत ग्राहकाचे मोठे हित साठलेले आहे. आपल्याकडे कागद हाती पडला तरी त्यावर एक माप बहुधा नसते, ते म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर. प्रौढांत ते सर्वसाधारणपणे ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. काचेचा प्रकाशमध्य बाहुलीसमोर येण्यासाठी ते अत्यावश्यक असते, आणि ते हाती नसल्याने ग्राहक जिथे तपासणी झाली त्याच दुकानाशी बांधला जातो. ते मागून घ्यावे. मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही.

आता ब्लू कटविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सांप्रत याच एका शब्दाच्या बळावर सर्वाधिक काचा खपवल्या जात असाव्यात. विक्रेता खणातून पेनाएवढी विजेरी काढतो. तिचा जांभळट किरण साध्या काचेतून एका कार्डावरच्या पांढऱ्या चौकोनावर सोडतो आणि चौकोन क्षणार्धात रंग बदलतो. मग तोच किरण ब्लू कट काचेतून सोडतो, तेव्हा चौकोन पांढराच राहतो. प्रयोग खरा आहे; त्यात हातचलाखी नाही. परंतु त्याने सिद्ध होते ते इतकेच की, विजेरीतला सुमारे ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, दृश्य प्रकाशाच्या अगदी जांभळ्या कडेचा किरण त्या काचेने अडवला. मोबाइलच्या पडद्यातील निळ्या प्रकाशाचा भर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, आणि या काचा एकंदर निळ्या प्रकाशापैकी साधारणतः १० ते २५ टक्केच अडवतात. त्याहून अधिक अडवायचा तर काच इतकी पिवळी करावी लागेल की ती कोणी घालणार नाही. शिवाय पडद्यातून येणारा निळा प्रकाश भर दिवसाच्या उजेडातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत अत्यल्प असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये, वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने सहा देशांतील १७ चाचण्यांचा परामर्श घेतला, आणि निष्कर्ष असा निघाला की, संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण कमी करण्यात या काचा साध्या काचांहून अल्पकाळात तरी सरस ठरल्याचे दिसत नाही. झोपेवरील परिणाम अनिश्चित, आणि नेत्रपटलाचे रक्षण होते असे म्हणण्यास या चाचण्यांत आधारच नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली जनरल ऑप्टिकल काउन्सिलने बूट्स ऑप्टिशियन्स या विख्यात पेढीला निळ्या प्रकाशाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ४०,००० पौंडांचा दंड ठोठावला होता. पडद्यासमोर बसणाऱ्यांचे डोळे शिणतात हे खरेच आहे; पण त्याचे मुख्य कारण असे की, टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे नजर लावावी, असा अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेचा सल्ला आहे. त्याला दमडी पडत नाही.

'थिन' काचेची गोष्ट वेगळी. तिच्यात तथ्य आहे, पण ते नंबरावर अवलंबून आहे. साध्या प्लॅस्टिक काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असतो, महाग काचांचा १.६, १.६७ वा १.७४. अंक वाढला की तेवढ्याच नंबराला कमी वक्रता पुरते आणि काच पातळ होते. पण किती पातळ? उणे २ नंबर आणि ५० मिलिमीटर रुंदीची गोल काच धरली, तर मधल्या जाडीहून कडेची जाडी साध्या काचेत सुमारे सव्वा मिलिमीटर जास्त भरते आणि १.६७ च्या काचेत सुमारे ०.९ मिलिमीटर, म्हणजे अनेक पटींनी किंमत मोजून पदरात पडतो तो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. उणे ८ नंबराला हाच हिशेब साध्या काचेत ५ आणि १.६७ मध्ये ३.७ असा येतो. तिथे खर्च सार्थ आहे. परंतु त्याच उणे ८ नंबराच्या माणसाने ५० ऐवजी ४० मिलिमीटरची लहान, गोलसर फ्रेम निवडली, तर साध्या काचेतही तो आकडा ३.२ वर येतो. फ्रेम लहान घेतल्याने महागड्या काचेहून अधिक लाभ होतो आणि तोही फुकट, ही गोष्ट जाणते चष्मेवाले पूर्वी आपणहून सांगत असत. आजही सांगणारे आहेत, आणि त्यांना धरून राहावे. अंक वाढला की काचेच्या कडेतून पाहताना रंगांची झालर दिसण्याची प्रवृत्तीही वाढते, हा या व्यवहाराचा दुसरा, सहसा न सांगितला जाणारा भाग. पॉलिकार्बोनेटच्या काचेतही हा दोष असतो. मात्र ती सहजासहजी फुटत नाही, सबब मुलांसाठी आणि ज्यांना एकाच डोळ्याने दिसते अशांसाठी तीच घ्यावी.

अँटिग्लेअरला मी भर म्हणणार नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, १.६७ च्या काचेवरून तर ६ टक्क्यांहून अधिक. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे काचेत उमटतात ते यामुळेच. धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म थर देऊन हे परावर्तन नाममात्र उरते. कोटिंग घ्यावे, फक्त एकाच कोटिंगची तीन नावे आणि तीन किमती पुढे आल्या, तर नेमका फरक काय, याचा खुलासा मागावा.

चाळिशी लागलेल्यांपुढे मात्र मोठाच प्रश्न उभा राहतो. जवळचे आणि लांबचे दोन्ही एकाच काचेत साधणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा १९५९ साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ यांच्या संशोधनातून बाजारात आला, आणि त्याच्या किमतीची मजल आज पन्नास हजारांच्याही पुढे जाते. त्याची उपयुक्तता वादातीत आहे. पण दहा हजारांच्या काचेची मापे चुकीची घेतली तर ती व्यर्थ जाते, आणि मध्यम किमतीची काच नेमक्या मापाने बसवली तर वर्षानुवर्षे सुखाने चालते. म्हणून इथे पैशापेक्षा माणूस पाहावा. ज्यांचा लांबचा नंबर शून्य आहे, ज्यांच्या डोळ्यांत तिरकस नंबर नाही आणि दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर समान आहे, त्यांना तर प्रोग्रेसिव्हची आवश्यकताच नाही. तयार मिळणारा स्वस्त वाचनचष्मा त्यांना पुरतो. आसामच्या मळ्यांत चहाची पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचे दिसण्याचा साधा चष्मा मिळालेल्या मजुरांची खुडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत, २१.७ टक्क्यांनी सरस ठरली. ज्या साध्या चष्म्याने एखाद्या श्रमिकाच्या रोजंदारीत एवढी भर पडते, त्याच चष्म्याला शहरात कमीपणा आलेला पाहून मला खेद वाटतो.

फ्रेमच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. इटलीतील आगोर्दो या डोंगरी गावी लिओनार्दो देल वेक्किओ यांनी १९६१ साली स्थापन केलेल्या लक्सोटिका या कंपनीने १९९९ साली रे-बॅन आणि २००७ साली ओकली विकत घेतली. २०१८ साली तिचे काचा बनवणाऱ्या फ्रान्सच्या एसिलोरशी विलीनीकरण झाले. वस्त्रप्रावरणांच्या अनेक प्रसिद्ध घराण्यांची नावे परवान्याने याच कंपनीच्या फ्रेमांवर झळकतात. नावापायी जास्त देणे हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे. मात्र फ्रेमवरील नावाने नजर सुधारत नाही, आणि काचेचे पैसे तोडून ते फ्रेममध्ये घालणे हा सरळसरळ चुकीचा व्यवहार होय.

दुकानदाराची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. त्याचा ग्राहक दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. हमरस्त्यावरचे भाडे, न खपलेल्या फ्रेमांत अडकलेले भांडवल, कापताना बिघडलेल्या काचा आणि सैल काडी बिनमोबदला घट्ट करून देण्याची रीत, या सर्वांचा बोजा त्या एका विक्रीवर पडतो. त्याने रास्त नफा घ्यावा, आणि तपासणीची रास्त फीही उघडपणे घ्यावी. भीती दाखवून विकणे मात्र त्याने सोडले पाहिजे.

वाचकांना माझी विनंती इतकीच की, तपासणी एके ठिकाणी करावी व नंबराचा कागद हाती घेऊन, मनास येईल तिथे खरेदी करावी. पावतीवर फ्रेम, काच, वक्रीभवनांक आणि कोटिंग यांच्या रकमा पृथक लिहवून घ्याव्यात. नंबरच्या चष्म्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणलेला आहे. पावतीवर तोच दर लावला आहे ना, हे जुना चष्मा डोळ्यांवर ठेवून तपासावे, आणि तफावत आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.