काशीची वही आणि गावचं दप्तर : वंशावळ कशी जुळवायची?

आपलं घराणं मूळचं कुठलं, पणजोबांच्या आधी कोण होतं, हा प्रश्न इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांत हमखास निघतो. आजच्या भागात त्याचं उत्तर दोन जागी शोधूया : काशीच्या वहीत आणि आपल्या गावच्या दप्तरात.

आधी काशी. दशाश्वमेध घाटाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात पेशव्यांनी या घाटाचं बांधकाम करवलं. जवळचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभं केलं. यात्रेला येणाऱ्यांची नावं तीर्थोपाध्याय आपल्या वहीत उतरवून घेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला अशा नोंदींना नामावळ म्हणतात.

घाटावर छत्रीखाली बसलेल्या प्रत्येकाकडे तुमच्या घराण्याची वही असेलच असं नाही. यजमान मुलखानुसार वाटलेले असतात. म्हणून विचारताना मूळ गाव, तालुका, जात आणि जुनं आडनाव सांगा. नुसतं आजचं आडनाव पुरत नाही, कारण गाव सोडल्यावर कित्येकांनी गावाच्या नावावरून नवं आडनाव लावलं.

वहीत काय मिळतं? कोण आलं, त्याचा बाप, आजा, भाऊ, मुलगे. पण वर्ष बहुधा संवतात असतं. त्यातून 57 वजा केले की साधारण इसवी सन मिळतो. शक असेल तर 78 मिळवा. म्हणजे संवत 1975 हे साधारण 1918 साल, इन्फ्लुएंझाच्या साथीचं. त्यानंतर घरातली काही नावं एकदम दिसेनाशी झाली, तर ही साथ एक कारण असू शकतं. खात्री मात्र गावच्या मृत्यूनोंदीवरूनच करावी लागते.

आता गावचं दप्तर. यात चार कागद महत्त्वाचे.

पहिला, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

दुसरा, फेरफार. जमीनधारक मयत झाला की वारसांची नोंद होते आणि एका कागदावर दोन पिढ्या सापडतात.

तिसरा, जुना सातबारा. यात नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं असलं, तरी धाकटे भाऊ होते. फक्त कागदावर आले नाहीत.

चौथा, प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारीख 1 जून असेल तर जरा जपून. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने घातलेली ती तारीख असू शकते.

जुने कागद मोडीत असतात. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा, आणि 'कोम' म्हणजे बायको. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा अशीच जुनी दप्तरं उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांच्या लक्षात आली.

या दोन्ही साधनांचा मेळ का घालायचा? काशीची वही नावांची साखळी देते, पण माणूस जन्मला-वारला कधी हे सहसा सांगत नाही. गावचं दप्तर तारीख देतं, पण गाव सोडून गेलेल्या शाखेचा पत्ता देत नाही. एकच नाव दोन्हीकडे, त्याच बापाच्या नावासह आणि जुळणाऱ्या काळात मिळालं, तरच ती पिढी पक्की धरा. एकाच नावाचे आजा-नातू आपल्याकडे घरोघरी असतात.

आणि बायका? जुन्या वह्यांत मुलींची नावं फार कमी. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारसा मिळाला, म्हणून त्यानंतरच्या वारस फेरफारांत त्या सापडतात. त्याआधीच्या पणज्यांची नावं आज बहुतेक फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. कागद उद्याही राहील. ती माणसं राहतील असं नाही. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. नाव, माहेरचं गाव, माहेरचं आडनाव लिहून घ्या. आणि पुढे काशीला जाल तेव्हा वहीत मुलींची, सुनांची नावंही आवर्जून लिहवून घ्या.