हर्नडनचा न्यायाधीश : निवडीपासून निवृत्तीपर्यंत

व्हर्जिनिया राज्यातील हर्नडन हे नगर फेअरफॅक्स काउंटीत असल्याने तेथील खटले राज्याच्या एकोणिसाव्या न्यायिक परिमंडळात येतात. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सेवेत येतो. येथे मात्र त्याची निवड राज्याचे विधिमंडळ मतदानाने करते, आणि ही पद्धत आता व्हर्जिनिया व साउथ कॅरोलायना या दोनच राज्यांत उरली आहे. सर्किट कोर्टाच्या, म्हणजे ज्यूरीसह खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या, न्यायाधीशाला किमान 5 वर्षांची वकिलीची सनद लागते. त्याची मुदत 8 वर्षांची, तर किरकोळ गुन्हे, वाहतुकीचे खटले व लहान दिवाणी दावे ज्यूरीविना ऐकणाऱ्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टातील न्यायाधीशाची 6 वर्षांची असते. मुदत संपताच फेरनिवडीसाठी पुन्हा विधिमंडळापुढे जावे लागते, त्यामुळे पक्षीय बहुमताची छाया या पदावर राहते, हे नाकारता येत नाही. अधिवेशन नसताना सर्किट कोर्टात पद रिक्त झाल्यास राज्यपाल नेमणूक करतात, परंतु ती पुढील अधिवेशन सुरू झाल्यावर 30 दिवसांपर्यंतच टिकते. सक्तीच्या निवृत्तीची वयोमर्यादा, पूर्वी 70 असलेली, 2015 मध्ये 73 झाली.