आजीची टोपली

अमेरिकेच्या नकाशात ओहायो राज्य शोधा. तेथे चिलिकॉथी आणि पिक्वा नावाची गावे दिसतील. मग पश्चिमेकडे सरका. कॅन्सस राज्यात शॉनी नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला ओक्लाहोमात त्याच नावाचे आणखी एक. ही सारी नावे एकाच जमातीने मागे ठेवलेली. शॉनी लोकांच्या पाच शाखा. चिलिकॉथी आणि पिक्वा ही त्यांतल्या दोन शाखांची नावे. नकाशावरून बोट फिरवता फिरवता एका जमातीची पायपीटच आपल्यासमोर उलगडते.

शाळेच्या पुस्तकात ज्यांना आपण सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणून ओळखले, त्यांपैकीच हे. शॉनी म्हणजे दक्षिणेकडचे लोक. ओहायो नदीचे खोरे हे त्यांचे घर. उन्हाळ्यात झाडांच्या सालींनी शाकारलेल्या घरांतून राहायचे, मका, घेवडा, भोपळा पिकवायचा. हिवाळ्यात शिकारीसाठी रानात पांगायचे. शेती बायकांची, शिकार पुरुषांची. कारभारात मात्र दोघेही. पुरुष नायकांबरोबर स्त्री-नायिकाही असत.

त्यांच्या श्रद्धांमध्ये मला सर्वांत भावली ती त्यांची सृष्टीकर्ती. हा कोणी दाढीवाला देव नाही. ती चक्क आजी आहे. ‘आपली आजी’ असेच तिला म्हणतात. ती दिवसभर टोपली विणत बसते. टोपली पुरी झाली की जग संपणार! पण रोज रात्री तिचा लहानसा कुत्रा सारे विणकाम उसवून ठेवतो आणि जगाला आणखी एक दिवस मिळतो.

शॉनींच्या नशिबी मात्र उसवणेच अधिक आले. 1795 च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा मोठा भाग गेला. जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, ती एकट्यादुकट्याने विकता येणार नाही, असे ठणकावून सांगणारा टेकम्से हा याच जमातीचा वीर. अनेक जमातींची त्याने एकजूट बांधली. पण 1813 मध्ये तो लढाईत पडला आणि ती एकजूटही विस्कटली. 1830 साली मूळ रहिवाशांना पश्चिमेकडे हलवण्याचा कायदा झाला आणि 1832 मध्ये ओहायोतले शॉनी बिऱ्हाडे उचलून निघाले. कॅन्ससमध्ये जरा स्थिरावतात तोच तेथेही गोऱ्या वसाहतवाल्यांची रीघ लागली. अखेर ओक्लाहोमा गाठावे लागले. आज शॉनींच्या सरकारमान्य अशा तीन जमाती आहेत आणि तिन्हींची ठाणी ओक्लाहोमातच. त्यांतल्या एकीला तर स्वतंत्र मान्यता मिळण्यासाठी 2000 सालचा कायदा यावा लागला.

एक गोष्ट वाचताना मी थबकलो. 1832 मध्ये मुंबईत ‘दर्पण’ निघाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1835 मध्ये, कॅन्ससच्या त्या माळावर मिशनऱ्यांच्या छापखान्यातून ‘शॉनी सन’ हे पत्र बाहेर पडले, आणि तेही पूर्णपणे शॉनी भाषेत! आपली भाषा पुढे वर्तमानपत्रांतून फोफावली. त्यांची? लहानपणापासून शॉनी बोलत आलेली माणसे आज शंभराच्या आत आहेत. सरकारी आणि मिशनच्या निवासी शाळांतून मूळ रहिवाशांच्या मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. ती मुले आईबाप झाली तेव्हा त्यांतल्या अनेकांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलणे पसंत केले.

तरीही हे लोक संपलेले नाहीत. त्यांची स्वतःची निवडून दिलेली सरकारे आहेत, दवाखाने आहेत, उत्पन्नासाठी कॅसिनो आहेत. ग्लेना वॉलेस 2006 मध्ये ईस्टर्न शॉनी जमातीच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. 2024 मध्ये ओहायोत झीनियाजवळ, जुन्या चिलिकॉथी गावाच्या जागी, शॉनींचा इतिहास सांगणारे सरकारी उद्यान उघडले. त्याच्या मांडणीत तिन्ही जमातींचा सल्ला घेतला गेला.

आणि वसंतात ‘ब्रेड डान्स’ होतोच. त्या सुमारास पुरुष विरुद्ध बायका असा चेंडूचा खेळ रंगतो. पुरुषांनी फक्त पाय वापरायचे, बायकांना हातही मोकळे! नाचाच्या दिवशी बायका भाकरी भाजतात, पुरुष शिकार आणतात, एकमेकांना देतात आणि चांगल्या पिकासाठी प्रार्थना होते.

ही प्रार्थना शॉनी भाषेतली आहे, आणि खरी काळजी तिथेच आहे. ओक्लाहोमातल्या शॉनी ट्राइबने 2020 मध्ये भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली आणि 2021 ते 2030 हे दशक शॉनी भाषेला वाहिले. कामावरून घरी आलेली तरुण मंडळी आता वर्गात बसून आजोबांच्या पिढीचे उच्चार गिरवत आहेत. म्हाताऱ्या बोलणाऱ्यांपैकी एकेक जण जातो आहे आणि नवे शिकणारे एकेक शब्द जोडत आहेत. ‘आपली आजी’ हे शब्द तिच्याच भाषेत न अडखळता म्हणणारे मूल 2030 च्या वसंतात त्या नाचाच्या मैदानावर उभे असेल का, याचे उत्तर त्या वर्गांतून घडते आहे.