लोकशिक्षण आणि वर्णन्याय

लोकशिक्षण म्हणजे जाणत्यांनी अजाणांना व्याख्यान देणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात लोकशिक्षण (रोजच्या अडचणींवर लोकांनी एकत्र शिकून कृती ठरवणे) हे पोहायला शिकण्यासारखे आहे. काठावरची माहिती पुरत नाही, पाण्यात उतरावे लागते. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील जॉन्स बेटावर 1957 साली सुरू झालेली ‘नागरिकत्व शाळा’ याचे ठळक उदाहरण आहे. तिथल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवण्याची साक्षरता चाचणी द्यावी लागे. कार्यकर्ते ईसो जेन्किन्स आणि सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने, पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, अशी ही शाळा भरली. पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन ब्यूटी पार्लर चालवत. प्रौढांना काय शिकायचे आहे हे त्यांनी आधी विचारले. मग स्वतःची सही, मनीऑर्डरचा अर्ज आणि नोंदणीची कागदपत्रे हेच धडे झाले.

अन्यायी परीक्षेची तयारी करून घेणे म्हणजे अन्याय मान्य करणे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे, पण अपुरा. मतदार झालेले लोक गप्प बसले नाहीत. अशा शाळा अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरल्या, त्यांतून स्थानिक कार्यकर्ते घडले आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीच्या रेट्यामुळे झालेल्या 1965 च्या मताधिकार कायद्याने तिथल्या साक्षरता चाचण्यांना चाप लावला. मोठा कायदा दिल्ली-वॉशिंग्टनसारख्या राजधानीत होतो. त्याला लागणारे बळ मात्र वस्तीतच तयार होते.