भांड्यांवरची नावे

इंदूरच्या आपल्या अनेक घरांत तांब्या-पातेल्यांवर नावे कोरलेली दिसतात. मंगलकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र होत. ती ओळखू यावीत म्हणून ही सोय. आहेराच्या भांड्यावर मात्र देणाऱ्याचे नाव, कधी गाव व तारीखही येई. बाजारात आपण ‘बर्तन’ म्हणतो, पण त्यावर ‘सप्रेम भेट’ मराठीतच! पूर्वी छिन्नी-हातोडीने टिंब टिंब ठोकून अक्षरे काढीत. पुढे विजेचे यंत्र आले, अक्षरे सलग झाली. साताऱ्याची आत्या वर्षानुवर्षे भेटत नाही, पण आमटी वाढताना तिचे नाव समोर येते. तारीख आम्हांस विशेष मोलाची वाटते, कारण लग्न-मुंजीची वर्षे घरात कोणाला धड आठवत नाहीत. चिंच-राखेने घासून पितळेवरची अक्षरे झिजतात. उरलेली दिवाळीच्या आवराआवरीत मोडीत जातात. पालकांनी त्याआधी मुलांकडून ती वाचून घ्यावीत, कोण कुठले ते सांगावे व वहीत उतरवून ठेवावे.